मालगाडीचा आडोसा

आमच्या भागात सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. त्यामुळे संस्थेच्या संस्थापकांनी 'मला सगळ्यांनी मामाजी म्हणावं' असं जाहीर केलं, त्या दिवशी आवारातल्या झाडून साऱ्या बायका एका फटक्यात त्यांच्या सुना झाल्या. ते मूळचे आमच्या भागातले नव्हते. त्यांच्या मुलखात मामा म्हणजे आईचा भाऊ, खिशातून खाऊ काढणारा, एवढाच अर्थ असावा. पण आमच्या आईचा हात त्यांना पाहिलं की आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जायचा. ते समोर असले की ती खाली बसायची नाही, मोठ्यानं बोलायची नाही, आणि वाढताना 'आणखी घ्या' इतकंसुद्धा म्हणायची नाही. मामाजींना ती विनम्रता वाटायची. मी पुष्कळ वर्षं ही गोष्ट लोकांना हसवायला सांगत आलो. आता सांगतो तेव्हा मला स्वतःलाच हसू येत नाही. आमच्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरवलेली भीती त्या गृहस्थांना आल्या आल्या फुकटात मिळाली होती, आणि ती आम्हीच हळदकुंकू लावून त्यांच्या ओटीत घातली होती.

संस्था वर्ध्याहून सेलूकडे जाताना रुळांना लागून होती. तिचं नाव लांबलचक आणि संस्कृत होतं, पण आम्ही तिला 'कुंपण' म्हणायचो, कारण चारी बाजूंनी शेराच्या झुडपांचं दाट कुंपण होतं आणि त्याच्या आत शाळा, विणाईची पडवी, गोठा आणि कौलारू घरांच्या दोन रांगा. देश नुकता स्वतंत्र झालेला. इथून नवा माणूस घडून बाहेर पडणार, असं मामाजी म्हणत. माझे बाबा गोठ्याचे आणि बैलगाड्यांचे व्यवस्थापक होते. मी मॅट्रिकला आपटलो होतो. इंग्रजीत, गणितात आणि, कोणाला खरं वाटत नाही, मराठीतही. त्यामुळे नवा माणूस म्हणून माझी निवड शेणाच्या खात्यात झाली होती. सकाळी बैलांना पाणी, मग सूतकताई, मग पुन्हा बैल. सूत कातण्यातही माझी प्रगती अशी होती की दर हाताला धागा तुटायचा आणि शेजारचा हसू दाबायचा.

जेवणाचं काय सांगू. मिरची, लसूण, कांदा, हिंग हे सगळं तामसी म्हणून बंद. उकडलेला दुधी, उकडलेला लाल भोपळा, आणि सणाच्या दिवशी दोन्ही. माझी आई आर्वीकडची. तिच्या माहेरी पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी त्याला तिखट चालतं का हे विचारत नसत, कारण न चालणारा पाहुणा त्यांनी पाहिलाच नव्हता. तिनं मामाजींसाठी पदर घेतला, खादी नेसली, पहाटेच्या प्रार्थनेला उठली. पण ठेच्याशिवाय भाकर तिच्या घशाखाली उतरेना. पिपरीचा सुखदेव भाजीची गाडी घेऊन वर्ध्याच्या बाजाराला जाताना आमच्या फाटकाशी थांबायचा. त्याच्या वांग्यांच्या टोपलीत तळाशी हिरव्या मिरच्या असायच्या. "तुमच्यासाठीच आणतो, माय, दुसऱ्या कोणाले नाई," असं तो दर वेळी आईला म्हणायचा, आणि आई दर वेळी भरून पावायची.

मिरच्या मिळाल्या, तरी कुटायच्या कशा? लोखंडी खलात बत्ता पडला की आवाज फाटकापर्यंत जायचा. मी एकदा शहाणपणा केला, म्हटलं, "पाट्यावर वाट ना, गुपचूप." आई माझ्याकडे अशी बघायला लागली, की मराठीत नापास झालो तेव्हासुद्धा तिनं तसं बघितलं नव्हतं. "पाट्यावर वाटली का चटणी होते, बह्याडा. ठेचा कुटाच लागते." मग तोड निघाली. दुपारी एक लांबलचक मालगाडी जायची. तिचा खडखडाट इतका, की कौलं थरथरायची आणि शेजारच्या घरातलं रडणारं पोरसुद्धा ऐकू यायचं नाही. आई खलावर गोधडी टाकून तयार बसायची, मी मागच्या दारी कुंपणाशी उभा राहायचो, आणि गाडी आली की हात वर करायचो. तेवढ्या खडखडाटात आईचा ठेचा होऊन जायचा. शेवटचा डबा गेला की माझा हात खाली, की बत्ता बंद.

या कामात माझी एक वरिष्ठ होती. शेजारच्या देवराव मास्तरांची कुमुद. सहा-सात वर्षांची, दोन वेण्या, एक नेहमी सुटलेली. तिचे कान म्हणजे चीज होती. मला गाडी दिसायची तेव्हा कळायची. हिला ती सेलूच्या बाजूला वळण घेते तेव्हाच कळायची. तारेच्या खांबाला कान लावून ती म्हणायची, "मालगाडी नाई, मनूदादा, पॅशिंजर आहे. काकूले सांग, अजून नाई." एकदा गाडी भरात असताना तिनं माझा सदरा ओढला. "शिट्टी आयकली? शिग्नल नाई भेटला तिले. आता थांबते ती." मी हात खाली केला, आईचा बत्ता थांबला, आणि खरोखर चाकं किंचाळत गाडी उभी राहिली. सगळीकडे चिडीचूप. केवळ त्या पोरीच्या कानांनी आमची अब्रू वाचली. तिला बक्षीस म्हणून भाकरीच्या तुकड्यावर ठेच्याचा ठिपका मिळायचा. ती तो जिभेवर ठेवून नाचायची. आणि हे गुपित त्या एवढ्याशा पोरीनं कधी, कोणाजवळ, चुकूनसुद्धा फोडलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण त्याच आवारात चाळिशी-पन्नाशीची, शिकलेली-सवरलेली माणसं रोज संध्याकाळी काय करत होती ते आता सांगायचं आहे.

संध्याकाळी कडुनिंबाखाली प्रार्थना व्हायची, आणि प्रार्थनेनंतर निवेदन. सुरुवातीला ज्यानं त्यानं उठून दिवसभरातला आपला दोष सांगायचा, इतकंच होतं. त्यात वाईट काही नव्हतं, उलट मजा होती. मला दोष सांगण्यात भलताच रस. एकदा खरे दोष संपले तेव्हा मी 'मनातल्या मनात बैलाला शिवी दिली' असंही सांगितलं, आणि मामाजींनी त्यावर अर्धा तास बोलून मला आवारात प्रसिद्ध केलं. पण रोज रोज नवे दोष आणायचे कुठून? माणसांचे आपले संपले तसे ती शेजाऱ्यांचे आणायला लागली. दुसऱ्याचा दोष सांगताना 'प्रेमाने सांगतो' असं आधी म्हणायचं, हा नियम कोणी केला मला आठवत नाही. मामाजींनी केला नव्हता, एवढं नक्की. प्रेमाने सांगतो, यांच्या घरी चहाचा वास आला. प्रेमाने सांगते, ह्या पहाटे प्रार्थनेत डुलक्या घेत होत्या. आणि ज्याचं नाव निघालं तो उभा राहून हात जोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी डोळ्यांत तेल घालून बघायचा की आता आपण कोणावर प्रेम करावं.

मामाजींनी उभ्या आयुष्यात कोणाला शिक्षा केली नाही. ते फक्त जेवायचं थांबायचे. दोष मोठा असला की शांतपणे सांगायचे, "ही माझीच तपश्चर्या कमी पडली," आणि त्या दिवसापासून पाणी आणि मीठ. झालं. मग पुढचं सगळं आम्ही करायचो. विणाईच्या पडवीतला एक जण बिडी ओढताना सापडला तेव्हा मामाजींनी अन्न सोडलं. लगेच लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं. त्याची बादली विहिरीवर कोणी आपल्या बादलीला लागू देईना. म्हाताऱ्या माणसाला उपाशी मारतो म्हणून बायका त्याच्या बायकोकडे पाठ करून उभ्या राहायच्या. इंग्रजांशी लढायला शोधलेलं ते हत्यार, असहकार. त्यानं आम्ही एका बिडीवाल्याला चार दिवसांत आवाराबाहेर काढलं. तो गेला आणि मामाजींनी संत्र्याचा रस घेतला. "मी त्याला जा म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. खरंच म्हटलं नव्हतं.

देवराव मास्तर माझं गणित घ्यायचे. मी पुन्हा मॅट्रिकला बसणार होतो ना. त्यांचं हसणं असं, की रुळांपलीकडच्या शेतातला माणूस मान वर करायचा. मी एखादं उदाहरण चुकलो की ते रागवायचे नाहीत, आधी पोट धरून हसायचे, मग डोळे पुसत म्हणायचे, "मन्या, लेका, हे उत्तर काढाले तुले मेहनत किती पडली असंन." त्या हसण्यावरही एकदा कोणीतरी प्रेमाने बोललं होतं. मास्तरांनी उठून हात जोडले आणि हसूच आलं त्यांना. तेव्हा आम्ही सगळे हसलो. मामाजीही थोडे हसले. मला वाटतं त्यांनी ते लक्षात ठेवलं.

कुमुदला ताप आला. मुदतीचा ताप. आवारात औषध म्हणजे पोटावर मातीची पट्टी आणि लिंबाचं पाणी. सुया आणि गोळ्या म्हणजे निसर्गावर अविश्वास. मास्तरांनी आठवडाभर माती लावली आणि मग एका सकाळी सायकल काढून वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्यांची बाटली आणली. पोरीला दोन दिवस आराम पडला. तिसऱ्या दिवशी, शुश्रूषेला जाणाऱ्या इंदूताई निवेदनात उठल्या. "प्रेमाने सांगते," त्या म्हणाल्या. आणि बाई वाईट नव्हती हो. स्वतःच्या हातानं त्या पोरीची माती बदलत होती ती. बाटलीचा रंगसुद्धा सांगितला तिनं.

मामाजींनी डोळे मिटले. मग म्हणाले, "ही माझीच तपश्चर्या कमी पडली."

मास्तर उभे राहिले. त्या दिवशी त्यांना हसू आलं नाही. "मामाजी, तुम्ही सांगा. औषध बंद करू का? पोरीचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल तसं."

"मी कोण सांगणारा, देवराव? ज्याचं त्याचं अंतःकरण."

एवढंच. 'बंद करा' नाही, 'चालू ठेवा' नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी स्वतः ती बाटली आणून मामाजींच्या पायाशी ठेवली. हो, मास्तरांनी स्वतः. इतकं सगळं आमच्या हाडांत भिनलं होतं. मामाजींनी बाटलीला हात लावला नाही आणि उपासही सोडला नाही. म्हणाले, बाटली बाहेर आली, मनातला अविश्वास अजून आत आहे. तो बाहेर आला की नाही हे कसं ओळखायचं, ते काही बोलले नाहीत. बाटली तिथेच ओट्यावर पडून राहिली. येणारा-जाणारा तिला वळसा घालून जायचा, जसं काही तिला विषारी दात होते.

आणि मग आम्ही कामाला लागलो. दूध घालणाऱ्यानं मास्तरांचं भांडं वगळलं. शाळेत त्यांच्या वर्गात पोरं येईनाशी झाली, आया पाठवेनात. मास्तरांची बायको सुभद्राकाकू आमच्या दारात विस्तव मागायला आली. ज्या दारात बसून तिनं आईबरोबर ठेचा खाल्ला होता त्या दारात. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. काकू उभी राहिली, उभी राहिली, आणि गेली. मी आईच्या सुपाकडे बघत होतो. त्यात खडा एकही नव्हता. ती निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती.

पोरीचा ताप चढला, ती बरळायला लागली. तिला दवाखान्यात न्यायचं तर गाडी पाहिजे, आणि गाड्या बाबांकडे. ज्या दिवशी मास्तर मागायला येणार हे सगळ्यांना दिसत होतं, त्या दिवशी बाबांनी सकाळीच एक जोडी सरकी आणायला सेलूला पाठवून दिली. उरली सर्ज्या-पवळ्याची जोडी. बाबा मला म्हणाले, "सर्ज्याच्या मागच्या डाव्या पायाले पट्टी बांधून ठेव."

"काऊन? काय झालं त्याले?"

"झालं काही नाई. बांधून ठेव म्हटलं ना."

माझे बाबा क्रूर नव्हते. माशी मारायची तर तिला आधी खिडकी उघडून देणारा माणूस. त्यांना नोकरीचीसुद्धा इतकी भीती नव्हती. त्यांना संध्याकाळी कडुनिंबाखाली आपलं नाव निघेल आणि सगळ्या माना आपल्याकडे वळतील, याची भीती होती. आणि मला बाबांना 'नाही' म्हणायची भीती होती. मी फडक्याला हळद लावली आणि बांधायला गेलो. आता सर्ज्या डाव्या पायानं लाथ झाडायचा, हे गोठ्यात सगळ्यांना माहीत. म्हणून मी उजव्याला बांधलं. पट्टी ती पट्टी, दिसल्याशी मतलब, असा विचार केला. मॅट्रिकला उगाच नापास होत नाही कोणी.

मास्तर आले. दाढी वाढलेली, डोळे खोल. "रामभाऊ, गाडी पाहिजे होती. पोरगी वळखत नाई कोणाले."

बाबा दावणीकडे बघत म्हणाले, "गाडीले मी नाई म्हणत नाई, मास्तर. पण सर्ज्याचा मागचा डावा खूर दुखावला हाय. मन्यानं कालच पट्टी बांधली. पाहा तुम्ही."

मास्तर बैलाच्या मागे गेले. सर्ज्या डाव्या पायानं खुशाल पोटावरची माशी हाकलत होता, आणि अंगाचा सगळा भार त्या हळदीच्या फडक्यावर टाकून ऐटीत उभा होता. मास्तरांनी फडक्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग माझ्याकडे. माझी चूक समोर दिसत असून ते हसले नाहीत, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

"मन्या," ते म्हणाले, "डावं-उजवं तुले अजून समजत नाई. परीक्षेत सांभाळजो."

आणि वळून गेले. बाबा दावणीकडेच बघत राहिले. सर्ज्या तेवढा शेपटी हलवत होता. आज इतक्या वर्षांनी मला कधी कधी झोपेत वाटतं, मी ते फडकं सोडून डाव्या पायाला बांधतो आहे. सोडून टाकतो आहे असं वाटत नाही, हे लक्षात घ्या. योग्य पायाला बांधतो आहे असं वाटतं. एवढी माझी सुधारणा.

थोड्या वेळानं कताईची घंटा झाली. सगळे कडुनिंबाखाली चरखे घेऊन बसले, मीही जाऊन बसलो. आणि दोन रांगांमधल्या वाटेनं मास्तर निघाले. कुमुद त्यांच्या खांद्यावर, मान लोंबलेली, एक वेणी सुटलेली. मागे काकू, डोक्यावर गाठोडं. अख्खं आवार बसलं होतं तिथं, आणि चरख्यांची घरघर जराही कमी झाली नाही. कोणाचं सूत तुटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. एकाचंही तुटलं नाही. माझा धागा, जो एरवी दर हाताला तुटायचा, तो त्या दिवशी कसा कोण जाणे, सरळ, अखंड निघत राहिला.

फाटकाशी सुखदेवची गाडी आली होती. त्याचा आवाज तिथून स्पष्ट ऐकू आला. "काऊन मास्तर? पायी काऊन निघाले? पोरीले काय झालं?" मास्तर काय बोलले कळलं नाही. सुखदेवनं आत, आमच्याकडे, एकदा नीट पाहिलं. गोठ्याकडे पाहिलं. मग टोपल्या धडाधड रस्त्याच्या कडेला उतरवल्या. काकू म्हणाली असावी, भाजीचं काय; तो म्हणाला, "वांगे उद्या बी इकता येते. बसा तुम्ही." बैलांना त्यानं आरोळी दिली आणि गाडी वर्ध्याकडे उधळली. त्याला कोणी 'प्रेमाने' काही सांगितलं नव्हतं, म्हणून त्याला पोरगी आजारी आहे एवढंच दिसलं.

त्याच्या टोपल्या दिवसभर तिथेच होत्या. संध्याकाळी बैल घेऊन येताना पाहिलं, वांगी तशीच्या तशी होती, पण तळाशी हात घालून बघितला तर मिरची एक नाही. मला वाटलं, बकऱ्यांनी खाल्ल्या असतील. वरची वांगी सोडून खालच्या मिरच्या खाणाऱ्या बकऱ्या.

दुसऱ्या दिवशी मामाजींनी उपास सोडला. संत्र्याचा रस. आम्ही भजन म्हटलं, बायकांनी डोळे पुसले. काही आठवड्यांनी बातमी आली, की कुमुद वाचली. पण फार उशीर झाला होता, दोन्ही कान गेले. काही म्हणजे काही ऐकू येत नाही. मास्तर तिला घेऊन बायकोच्या माहेरी गेले ते परत आले नाहीत. मामाजींनी प्रार्थनेत सांगितलं, आज आपण त्या बालिकेसाठी विशेष भजन म्हणू. आणि आम्ही म्हटलं. टाळ घेऊन, खड्या सुरात. जिला मेघ गर्जला तरी ऐकू येणार नव्हतं तिच्यासाठी आम्ही सूर लावून गायलो. कोणाची जीभ अडखळली नाही.

मागे पिपरीत एका लग्नात त्या आवारातला एक जुना सोबती भेटला. आता सोन्याची साखळी घालतो. म्हणाला, "काय दिवस होते मनोहरराव ते. शिस्त होती. मामाजी कडक, पण देवमाणूस." मी म्हटलं, "कुमुद आठवते?" तो म्हणाला, "कोण कुमुद?" माझ्या हातात मठ्ठ्याचा पेला होता. तो मी त्याच्या अंगावर ओतला नाही, हा माझा आणखी एक दोष. प्रेमाने सांगतो.

तर त्या भजनानंतरचीच गोष्ट. आईनं पुष्कळ दिवस खल काढला नव्हता, पण त्या दुपारी काढला. गोधडी टाकली. मी मागच्या दारी जाऊन उभा राहिलो. खांबाला कान लावून बघितला. मला त्यात गुणगुण ऐकू आली, ती मालगाडीची, पॅशिंजरची की वाऱ्याची, काही कळेना. गाडी आली तशी मी हात वर केला. डब्यामागून डबे. आत बत्ता पडायला लागला. मध्येच इंजिनानं लांब शिट्टी दिली. मी ती ऐकली. नुसती ऐकली. शिट्टीचा अर्थ सांगणारं माणूस माझ्याजवळ नव्हतं, आणि सदरा कोणी ओढला नाही. मी डबे बघत हात तसाच वर धरून उभा राहिलो.

चाकं किंचाळली. गाडी थांबली. खडखडाट एकदम तुटला.

आणि त्या शांततेत, ठक, ठक, ठक.

आमच्या घरातून, हे मला कळलं. पण इंदूताईंच्या घरातूनही. पलीकडच्या दूधवाल्याच्या घरातून. समोरच्या रांगेतून, कोपऱ्यावरच्या घरातून, विणाईवाल्यांच्या तिन्ही घरांतून. कुठे लोखंडी खल, कुठे दगडी, कुठे नुसताच वरवंटा आपटलेला. अख्ख्या कुंपणात, प्रत्येक कौलाखाली, ठक ठक ठक. क्षण दोन क्षण. मग एकेक बत्ता दचकून थांबला, आणि सगळीकडे अशी चिडीचूप झाली, की थांबलेल्या गाडीतला एक बैल हंबरला तो ऐकू आला. माझा हात अजून वर होता.

तुम्ही म्हणाल, काय गंमत झाली. मलाही पहिल्यांदा हसू फुटलं. मग मी हात खाली घेतला आणि घरं मोजू लागलो. सगळेच? वर्षानुवर्षं, सगळेच? सभा न घेता, कोणी न सांगता, साऱ्या घरांनी एकच मालगाडी निवडली होती. मिरचीसाठी आमची एवढी एकजूट. आणि एका पोरीला दोन कोसांवर न्यायची होती तेव्हा त्या साऱ्या घरांतून एक माणूस उठला नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याशिवाय बाकी सगळे खरोखरीचे भक्त आहेत.

मी आत गेलो. आई खलाकडे बघत बसली होती. मग तिनं गोधडी उचलली, बाजूला फेकली, आणि उघड्या खलात पुन्हा बत्ता घातला. गाडी उभीच होती. आवाज फाटकापर्यंत जात होता. बाकी कुठल्याही घरातून साथ आली नाही. बाबा जेवायला आले होते, दारातच थबकले.

"हळू," ते म्हणाले. "आयकू जाते."

"जाऊ द्या. आता कोणाले भेता? सगळ्याइच्याच घरी खल हाय." ती कुटत राहिली. "मले वाटे, मी एकटीच पापी. म्हणून मान खाली घालून बसली होती मी. सुभद्रा दारात उभी होती, विस्तवासाठी..." बत्ता तिनं थांबवला नाही, ठेचा केव्हाच झाला होता तरी.

संध्याकाळी निवेदनात कोणी उठलं नाही. प्रेमाने सांगायला कोणालाच काही नव्हतं. मामाजी बराच वेळ वाट बघत बसले. त्यांचे कान शाबूत होते, त्यांनीही ऐकलंच असणार. मग त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले, आणि सगळे आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत सुरू झालं. मालगाडी आली तेव्हा आई पुन्हा गोधडी टाकून बसली होती, हेही सांगायला पाहिजे.

पण त्या दुपारचं राहिलं. बाबा पाटावर बसले. आईनं भाकर वाढली, आणि ताटाच्या कडेला ठेचा. बाबा खाली मान घालून जेवत होते. थोड्या वेळानं त्यांनी ताट जरा पुढे सरकवलं. "जराक अजून वाढ," ते म्हणाले. आईनं वाढला. मग माझ्या ताटात घातला.

मी उठलो, ताट ढकलून गोठ्यात निघून गेलो, असं लिहावं असं फार वाटतं. पण मी खाल्ला. आणखी मागून घेऊन खाल्ला. चांगला झाला होता.